भुपेंद्र सरांची जावा अन् तलावाची लाल चिंधी

आंधळगावच्या कॉलेजात भुपेंद्र सर बारा वर्षांपासून जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग म्हणजे जावा, अन् जावा म्हणजे आपणच, असं त्याले वाटे. बिचारा सुखात होता. मंग प्रतिक्षा मॅडम आली, पायथन घेऊन, अन् याच्या पोटात असं दुखाले लागलं का ओव्यानंही थांबेना.

तिच्या वर्गात पोट्टे हासत, याच्या वर्गात जांभया देत. तिच्या स्कुटीचं सीट पोट्टे पुसून देत. याच्या मोटारसायकलवर बारा वर्षांत कोणी फुंकर मारली नाही. वरून, स्क्रीनवर नुसतं 'नमस्कार' दाखवाले जावाच्या पाच ओळी, तिची एक!

"एका ओळीत काय शिकणं होते?" तो घरी बायकोले म्हणे. "हे तं रेडिमेड पोळ्या आणल्यासारखं झालं."

"तुमाले लाटता येते का पोळ्या?" रीना म्हणे.

जूनमंदी प्राचार्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षीपासून ऑब्जेक्ट ओरिएंटेडचा विषय एकाच भाषेत शिकवाचा. दोघंही पोरांसमोर एकेक तास घ्या, मंग ठरवू.

त्या दिवशी भुपेंद्रनं कलप लावला. मिशीलेही. जावा तरुण दिसावी म्हणून असंल, बाप्पा!

प्रतिक्षाचा तास झाल्यावर त्यानं फळ्यावर आपल्या गावचा, करडीचा तलाव काढला. "हा ऑब्जेक्ट. आतलं पाणी म्हणजे त्याचा डेटा. जावात आपण त्याले प्रायव्हेट करतो, म्हणजे कुलूप लागते. पाणी पाहिजे तं पाणी सोडणाऱ्याले मागा. अन् पायथनमंदी? डेटाच्या नावाआधी नुसती एक बारकी रेघ मारते. म्हणजे, 'हात नोको लावू.' अन् लावला तं?"

चोर धरल्यासारखं त्यानं प्रतिक्षाकडं पाह्यलं.

ती उभी राहिली. "सर, मी बी करडीचीच. आपल्या तलावाच्या पाणी सोडाच्या दाराले कुलूप कधी होतं?"

भुपेंद्रनं फळ्यावरच्या तलावाकडं पाह्यलं.

"पाणी बंद असलं का लाल चिंधी राहे. चिंधी दिसली का कोणी दाराले हात लावत नसे, शेताच्या बांधीतलं धान सुकलं तरी. पायथनची रेघ म्हणजे तीच चिंधी. माझी आजी जनाबाई सांगे, चिंधी बांधाचा मान सोमाजीबाबाचा होता."

सोमाजी म्हणजे भुपेंद्रचा बाप. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बोला भुपेंद्र सर," मागच्या बाकावर बसलेले प्राचार्य म्हणाले. "तुमी सिनियर. तुमी म्हणाल ते."

'जावा' जिभेवर आली होती. पण आता जावा म्हणाचं तं बापाच्या चिंधीले कोणी मानत नव्हतं म्हणाचं.

"पायथन घ्या," तो बोलला, एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून.

घरी येऊन त्यानं लॅपटॉप उघडला अन् पायथनचा पहिला धडा काढला. डोळे लाल होते.

"हारले म्हणून रडून राहिले का?" रीनानं विचारलं.

"हारल्याचं नाही वं! चिंधी माह्या बापाची, तलाव म्या काढला, अन् टाळ्या तिले!"