खंडेनवमीचं ओलं फडकं

माझ्या मोठ्या दिरांचं तोंड बघितलं की आजही माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडून द्या. का सोडू?

कुंभार पिंपळगावात आमचं खताचं दुकान. मी गावातल्या कम्प्युटर क्लासला शिकवायचे, त्यासाठी वडिलांनी मला लॅपटॉप घेऊन दिल्ता. दुकानाचा स्टॉकही दीर त्यातच ठेवायचे, म्हणून पासवर्ड दोघांनाही माहीत.

खंडेनवमीला तराजू, पाने, फवारणीचा पंप यांच्यासोबत दिरांनी चालू लॅपटॉपचीही पूजा केली. हळद-कुंकू थेट बटणांवर! वर ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं. मंग पासवर्ड टाकला, तर घेईना. परत टाकला, तरी घेईना.

"हिनंच बदलला!" ते लॅपटॉप घेऊन ओसरीवर येऊन ओरडले. "दुकान ताब्यात घ्यायचंय बाईला. आजपासून क्लास बिलकुल बंद. लॅपटॉप दुकानातच राहील!"

सासूबाईंनी मान डोलावली. नवरा तोरण बांधता बांधता म्हणाला, "सांगून टाक ना नवा पासवर्ड, कशाला वाढवती?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हणजे यालाही तेच वाटत होतं! मी लॅपटॉप ओढून घेतला. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, म्हणून वरच्या नावाच्या रकान्यात अक्षरं दाबून पाहिली. के दाबलं, दोन उमटला. एल दाबलं, तीन. फडक्यानं एफएन आणि नमलॉक ही बटणं एकदम दाबली गेल्ती! आमच्या लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं नव्हती. नमलॉक लागलं की उजव्या हाताची अक्षरंच आकडे होऊन बसायची. बटण तेच, पण आत निरोप भलताच जायचा. मी एफएन धरून नमलॉक काढलं, जुनाच पासवर्ड टाकला. उघडला.

"बघा भाऊजी, तुमच्याच फडक्याचा प्रताप!"

"मंग आधीच सांगायचं न्हाई का?" म्हणाले, आणि पाटावर बसले. वाढा म्हणे!

चुकलं म्हणून एक शब्द नाही. नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे, मिटलं ना."

मिटलं? कुणाचं मिटलं? मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप काखोटीला मारून क्लासला निघाले.

"अगं, नवा काय ठेवला?" नवरा मागून ओरडला.

"तुमच्या भावाला विचारा," मी म्हणाले. "मी काय करते ते त्यांना माझ्याआधी कळतं."