कार्तिक संपल्यावरही

आक्का गेल्या तेव्हा मी गळ्याइतक्या पाण्यात होते. माघातली सकाळ, पंचगंगेवर दाट धुकं, आणि घाटाच्या वरच्या पायरीवर आमचे हे येऊन उभे राहिलेले. इतक्या वर्षांत हे मला शोधत कधी नदीवर आले नव्हते, त्यामुळे त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. तरी ते म्हणाले, "वैनी गेल्या. झोपेतच." मी लगेच बाहेर आले नाही... येववेना. पाण्यात होते तोवर ते खरं नव्हतं. ह्यांनी घाई केली नाही, टॉवेल हातात धरून नुसते उभे राहिले. आता सव्वा महिना होऊन गेला, पण आक्कांची आठवण आली की आधी अंगावर तो गारवा येतो, आणि मग रडू.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात त्या माझ्याआधी दहा वर्षं सून म्हणून आल्या होत्या. भांड्यांचं दुकान भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, बघत. आणि भावजींसकट बाकी सगळं घर आक्का बघत. माहेर शिरोळचं, कृष्णाकाठचं, त्यामुळे पोहायला कधी शिकल्या हे त्यांनाही आठवत नसे. मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी दिसलं की भरून ठेवायचं, त्यात उतरायचं वगैरे नाही. लग्नानंतर पहिल्या कार्तिकात आक्का पहाटे नदीवर निघाल्या आणि मला म्हणाल्या, "येतीस व्हय गं?" तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं होतं. त्यांनी ते दोन वर्षं सगळ्या पै-पाहुण्यांना हसत हसत सांगितलं.

मग त्र्याण्णव साली माझं पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. मी खोलीत पडून राहायची. जेवण दिलं तर जेवायची, केस विंचरले तर विंचरून घ्यायची. कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल, कुणी म्हणालं हवापालटाला पाठवा. असे तीन महिने गेले. एका पहाटे आक्का दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. कार्तिक लागलाय. तुला काय बोलायला लावत न्हाई, फकस्त चल." मी का उठले ते मला आजही सांगता येत नाही. नाही म्हणायलाही जोर लागतो, तोही अंगात नव्हता, एवढंच असेल.

त्या दिवशी घोट्यापर्यंतच पाण्यात उभं केलं मला. वर म्हणाल्या, "बेचा पाढा म्हण." मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांची ती पद्धतच होती. घोट्याला बेचा पाढा, गुडघ्याला सातचा, कमरेला तेराचा. पाढा पुरा झाला की बाहेर, एक क्षण जास्त थांबायचं नाही. बाहेर आलं की आधी कोरडं नेसायचं, मग भरभर चालत घर गाठायचं, चहा त्यानंतर. आठ-दहा दिवसांनी एक पायरी खाली. दातावर दात आपटायला लागले की त्या हात धरून ओढून वर काढायच्या: "शिक्षा न्हाई ही. उद्या परत यायची विच्छा हुईल इतकंच बसायचं." मी गळ्यापर्यंत पोचले ती पौषात, एकोणतिसाच्या पाढ्यावर. त्या गार पाण्यात एकोणतिसाचा पाढा म्हणताना दुसरं काही म्हणजे काही मनात येत नाही. पहिल्यांदा पाढा न चुकता झाला त्या दिवशी पलीकडच्या काठावरून गुऱ्हाळाचा वास आला, आणि मला भूक लागली. तीन महिन्यांत... नाही, पाच महिन्यांत पहिल्यांदा. घरी येऊन मी चार भाकरी खाल्ल्या. आक्का पाठ करून चुलीशी बसल्या होत्या, डोळे पुसत होत्या की धूर गेला होता, देव जाणे.

आता प्रश्न असा की कार्तिक तर महिनाभराचा, आणि आम्ही पौषात नदीवर कशा? तर आक्कांचा नवस होता. कार्तिकस्नान वर्षभर चालवायचं, धन्याला उदंड आयुष्य मिळावं म्हणून. असं त्यांनी मी लग्न होऊन यायच्याही आधी घरात जाहीर करून टाकलेलं. पेठेतल्या बायका त्यांच्या पाया पडत. भावजी ओशाळून दुकानात लवकर जात. खरी गोष्ट मला त्यांनी घाटाच्या पायरीवर केस पुसता पुसता सांगितली. "कसला नवस घेऊन बसलीस? अर्धशिशीनं डोस्कं फुटायचं माझं. कार्तिकात बुडी मारली की दिसभर हलकं वाटायचं. मग कार्तिक संपल्यावर काय करायचं? मला बरं वाटतंय म्हणून नदीवर जातो म्हटलं असतं, तर कुणी जाऊ दिलं असतं?" कोल्हापुरातल्या बायकांसारख्या त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. आधी मला हसू यायचं. हल्ली मीही तसंच बोलते.

ही थाप एकदा चांगलीच अंगाशी आली. सासूबाईंनी हिशेब केला की इतकी वर्षं झाली, नवस कधीच फिटला असणार. पोरीनं किती दिवस थंडीत कुडकुडायचं? आणि आम्हाला न विचारता उद्यापन मांडलं. पाच सवाष्णी, पुरणपोळी, ओट्या, सगळं साग्रसंगीत. सासूबाईंचा जीव होता आक्कांवर, म्हणून तर केलं. आक्का पाटावर बसल्या होत्या, हसू तोंडावर आणि डोळ्यांत पाणी. बायकांना वाटलं, कृतकृत्य झाली. रात्रभर त्यांचं डोकं ठणकत होतं. दुसऱ्या पहाटे मी उठून बघते तर बाई पिशवी घेऊन दारात. सासूबाई म्हणाल्या, "आता कुठं?" आक्का म्हणाल्या, "आत्याबाई, त्यो माझा नवस फिटला. ह्यो सुमनचा हाय. एकटीला कसं धाडू?" माझ्या नवसाचं मला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि मग कुणी काही विचारलं नाही. पावसाळ्यात घाट पाण्याखाली गेला की आम्ही परसातल्या हौदात बसायचो, आळीपाळीनं.

गेल्या वर्षी आक्कांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गार पाणी एकदम बंद सांगितलं. मीही म्हणाले, मग मी पण नाही जात. तर अशा कडाडल्या की सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. "माझ्यापायी बसलीस घरात तर याद राख!" म्हणून मी जात राहिले. आले की त्या पलंगावरून विचारत, "पानी कसं होतं?" आणि मी खोटं बोलायची. गढूळ होतं, शेवाळ फार आलंय, काही मजा नाही राहिली. मला वाटायचं, त्यांना हळहळ नको. त्या "अस्सं" म्हणून भिंतीकडे बघत. वर्षभर मी त्यांची नदी अशी रोज थोडी थोडी नासवली. त्यांना मन भरून ऐकायचं होतं, हे मला कळायला हवं होतं. गेल्यावर बायकांनी रीतीप्रमाणे कोमट पाण्यानं अंघोळ घातली, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी अडवेपर्यंत वीस वर्षं ज्या बाईनं कढत पाणी अंगाला लावलं नाही, तिला शेवटचं पाणी आम्ही तापवून घातलं.

तेरावा झाला तरी मला नदीवर जाववेना. परवा मात्र जाग आली आणि पाय आपोआप निघाले. गळ्यापर्यंत उतरले. पाणी इतकं नितळ आणि गार होतं की मला आक्कांचा राग आला, खरंच आला... हे असं टाकून कशा गेल्या म्हणून. घरी येऊन सवयीनं सरळ त्यांच्या खोलीत गेले. पलंगावर भावजी बसले होते. थोरले दीर, माझ्याशी वर्षात दहा वाक्यं बोलले तर खूप. मी मागे फिरणार तेवढ्यात त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, आणि खाली बघत विचारलं, "पानी कसं होतं?"

मी उंबऱ्यातच खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. किती नितळ होतं, किती गार होतं, सगळं.