दोनदा घेतलेला वाटा

एवन मॅकफेल स्कॉटलंडमधल्या नेमक्या कुठल्या गावचा, यावरून त्याच्या पतवंडांमध्ये आजही ख्रिसमसच्या जेवणावर जुंपते. कुणी म्हणतं बेटावरचा, कुणी म्हणतं डोंगरातला. थडग्यावर गावाचं नाव कोरलंय, पण नेमका तिथलाच टवका उडालाय. कॅनडातल्या ओंटारिओत ग्लेनशीच्या ओढ्यावर त्याने पाणचक्की चालवली, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. आणि ऑक्टोबरातल्या त्या एका दिवसावर. तो दिवस त्याची बायको इशबेल मरेपर्यंत सांगत राहिली.

त्या वर्षी एवनचे कान गेले होते. हळूहळू, चोरपावलांनी. घरात फक्त इशबेलला ठाऊक. गिरणीत सगळेच घसा फाडून बोलतात, तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं? चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर बसायचा, उभं राहायची वेळ झाली की इशबेल कोपर मारायची. लोक म्हणत, "मॅकफेल फार शिष्ट झाला, हाक मारली तरी बघत नाही." शिष्ट म्हणोत, इशबेलला चालत होतं. बहिरा म्हणाले असते तर संपलंच. जात्याच्या दगडांत धान्य पडतंय की नाही हे गिरणीवाला आवाजावरून ओळखतो. धान्य संपलं आणि ते कळलं नाही, तर दगडावर दगड घासतो, ठिणगी उडते आणि पिठाची धूळ पेट घेते. असल्या माणसाकडे वर्षाचा गहू कोण टाकील?

म्हणून ती दिवसभर गिरणीतच घुटमळायची. झाडू हातात, कान दगडांकडे. रात्री झोपेतही दचकून उठायची. तेव्हा गिरणी बंद असायची, तरीही.

त्या दिवशी बर्फाच्या आधी दळून घ्यायला गाड्यांची रांग लागली होती. दळणावळीला पैसे नसत. धान्याचा बारावा भाग गिरणीचा, तो मापट्याने काढून घ्यायचा. गर्दी म्हणून रांगेतल्या अंगस बेथूनच्या पोत्यांतला वाटा इशबेलनेच दारात काढला. वाटा काढला की पोत्याच्या दोरीला जादा गाठ मारून ती एवनला खूण करायची. तेवढ्यात विधवा ओना स्वीनीचं पोतं गाडीतून घसरलं, इशबेल धरायला धावली, आणि गाठ मारायची राहून गेली.

आत एवनने बेथूनच्या पोत्याचं तोंड सोडलं, मापटं उचललं.

"घेतलाय वाटा," बेथून म्हणाला.

एवनने त्याच्या ओठांकडे पाहिलं. त्याला दिसलं ते 'घे वाटा.' त्याने मान डोलावली, मापटं गव्हात खुपसलं, भरलं आणि गिरणीच्या पेटीत रिकामं केलं.

"अरे! घेतलाय म्हणतोय मी!"

एवन हसला आणि दुसऱ्या पोत्याकडे वळला.

"बघा रे बघा! तोंडावर सांगतोय तरी हसून चोरतोय! दारात बायको लुटते, आत नवरा!"

गाड्यांवरचे लोक आत घुसले. कुणीतरी म्हणालं, "दंडाधिकाऱ्याकडे चला." दुसरा म्हणाला, "माझंही पोतं गेल्या खेपेला हलकं वाटलंच होतं." एवन एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. इतकी तोंडं एकदम, कुठलं वाचणार? चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, आणि त्या हसण्यानेच लोक जास्त भडकत होते.

इशबेल गर्दीतून वाट काढत आत आली. गप्प राहावं तर नवरा चोर. बोलावं तर गिरणी गेली. आपण चुकलो, गाठ मारायची राहिली, एवढंच सांगावं का? पण मग बेथून विचारणार, तोंडावर सांगितलेलं एवनने ऐकलं का नाही?

"त्याला ऐकू येत नाही!" ती ओरडली. "वर्ष झालं! चोर नाहीये तो, बहिरा आहे!"

दगड तेवढे फिरत होते.

बेथूनने एवनच्या मागे जाऊन मोठ्ठी शिवी हासडली. एवनची पाठ हलली नाही. बेथूनचा चेहरा उतरला.

"बरं," तो म्हणाला, "चोर नाही, तेवढं मागे घेतो. पण बाई, वर्षभर आमच्या धान्याशी, जिवाशी खेळलात की हो."

"मी असते दगडांपाशी. रोज."

"आणि नसाल तेव्हा?"

तिने जास्तीचं मापटं पेटीतून भरून परत दिलं. बेथूनने पोती गाडीत टाकली आणि खालच्या गावच्या गिरणीची वाट धरली. त्याच्यामागे आणखी गाड्या वळल्या. किती, हे इशबेलने पाहिलंच नाही.

ओना स्वीनी मात्र पोत्यावर बसून होती. "मी कुठे जाऊ? माझा घोडा मेलेल्यात जमा आहे." मग ती उठली, एवनसमोर उभी राहिली आणि तोंड हे एवढं वासून म्हणाली, "उद्या ओट्सही आणते! दळशील?"

आजवर काही कळलं नाही की एवन नुसती मान डोलवायचा. आता त्याने डोलावली नाही. सगळ्यांसमोर तो बायकोकडे वळला.

"काय म्हणतेय ती?"