नळीत राहिलेला गर्भ

चाचणीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा सगळ्यात आधी सासूबाईंना सांगितलं. पुढे ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं, तेव्हा नवरा बाहेरगावी होता. सासूबाईच मला वाडीहून रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी आतून सोनोग्राफी केली. गर्भपिशवी रिकामी होती, रक्ताची तपासणी मात्र गर्भ आहे म्हणत होती. त्यांनी घाई केली नाही. एक दिवसाआड पुन्हा बोलावलं. दुखणं वाढलं किंवा चक्कर आली तर लगेच या, असं बजावलं. पुढच्या सोनोग्राफीत तो सापडला, डाव्या नळीत, वाटाण्याएवढा. ठोके नव्हते, पोटात रक्त साचलेलं नव्हतं. ऑपरेशन न करता इंजेक्शनवर भागेल, असं त्या म्हणाल्या.

सासूबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होत्या. नळी फुटली असती तर काय, असं त्यांनी विचारलं. आतल्या आत रक्तस्राव होतो आणि वेळेत कळलं नाही तर बाई दगावते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "माही बहीण कन्हानले अशीच गेली. सकाळी पोट दुखून राहिलं होतं, सांजेले संपली. लोक म्हणत, तिनं काही खाल्लं."

पाळी चुकली होती का, डॉक्टरबाईंनी विचारलं. चुकली होती. पोटात रक्त साचलं की खांदाही दुखतो, तसा दुखत होता? तेही सासूबाईंना आठवत होतं. आज खात्रीनं सांगता येणार नाही, पण असू शकतं, एवढंच त्या बोलल्या.

इंजेक्शननंतर काही आठवडे रक्त तपासायला आणि मधूनमधून सोनोग्राफीला जात राहिले. ज्याची इतकी वाट बघितली ते विरून जावं, म्हणून मी पडद्याकडे डोळे लावून पडायची. रडू यायचं ते घरी आल्यावर. हळूहळू ते आक्रसत गेलं. नळी वाचली.

त्याच सुमारास एका दुपारी सासूबाईंनी कन्हानला बहिणीच्या मुलीला फोन केला. आईनं विष घेतलं, हेच ऐकत ती मोठी झाली होती.

"डॉक्टरबाईनं पक्कं नाही सांगतलं," सासूबाई म्हणाल्या, "पण तुह्या आईनं काही खाल्लं नसन, बाई. पोटातली नळी फुटली असन."

 तिनं या आजाराला काय म्हणतात ते विचारलं. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला.