वाढलेलं ऑइल

डिपस्टिक फडक्यानं पुसून मी पुन्हा आत घातली आणि बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं.

“रशीदभाई, ऑइल टाकलं होतं का तुमी?”

“एक थेंब नाई टाकला, काळेभाऊ. आपोआप वाढून राहिलं.”

मी तेव्हा अकोल्याच्या एका गॅरेजमध्ये फोरमन होतो. रशीदभाई तेल्हाऱ्याच्या एका छोट्या आरोग्य संस्थेची जीप चालवत. जुनी, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी. वर सातपुड्यात नाल्यापलीकडे काही वस्त्या आहेत. तिथं दुसरी गाडी चढत नसे. नंदा सिस्टर याच जीपनं वर जायच्या. गरोदर बायकांची तपासणी, लेकरांच्या लसी, सगळं त्या एका गाडीवर.

जीप संस्थेच्या मागच्या उतारावर उभी राहायची. उतारावर डिपस्टिक खोटं बोलते. म्हणून मी गाडी गॅरेजच्या सपाट फरशीवर घेतली, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू दिलं आणि मग मोजलं. तरीही तेच. लोकांना वाटतं, जास्त ऑइल म्हणजे बरंच. तसं नसतं. आतला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्यात बुडून फिरतो, ऑइलचा फेस होतो, आणि फेसानं बेअरिंगला वंगण मिळत नाही. त्यात या ऑइलचा रंग काळा नव्हता. दुधाच्या चहासारखा होता.

रेडिएटरचं विचारलं. रशीदभाई म्हणाले, त्यात रोज सकाळी पाणी टाकावं लागतं, कुठं जातं कळत नाही. खाली तर थेंब दिसत नाही.

मी गाडी रात्रभर तशीच उभी ठेवायला सांगितली, म्हणजे ऑइलमध्ये पाणी असेल तर तळाशी बसेल. सकाळी खाली तसराळं ठेवून ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट सैल केला. आधी पाणी आलं. बराच वेळ नुसतं पाणी. ऑइल मागून आलं.

रशीदभाई त्या तसराळ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, “म्हणजे मीच पाणी ओतून राहिलो होतो इंजिनात?”

मी म्हणालो, तुम्ही रेडिएटरमध्येच ओतलं, आत ते दुसऱ्या वाटेनं गेलं. पण ते त्यांना पटलं नाही.

संस्थेचे सचिव देशमुख सर, निवृत्त मास्तर. त्यांना फोन केला. जास्तीचं ऑइल काढा, नवं खुणेपर्यंत भरा, एवढा आठवडा गाडी चालू द्या, वरती लसीकरण आहे, असं ते म्हणाले. मी नाही म्हणालो. चढावर इंजिन जाम झालं तर गाडी दरीकडे मागं येईल. ते रागावले नाहीत. “मग सिस्टर जाईल कशी?” एवढंच विचारलं.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट फाटली असेल, अशी आशा होती. तो एका दिवसाचा खेळ. गॅस्केट धड होती. भेग ब्लॉकलाच होती, सिलिंडरच्या कडेनं खाली गेलेली. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. तेच तडकलं होतं, आणि पाणी तिथूनच ऑइलमध्ये उतरत होतं.

अमरावतीला बिडाचं वेल्डिंग करणारे एक जुने कारागीर होते. ब्लॉक घेऊन मी स्वतः गेलो. त्यांनी भेग भरून दिली, पण भरवसा देत नाही म्हणाले. पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला, तर भेगेच्या शेजारूनच बुडबुडे निघाले. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथं नवी भेग पडली होती. मॉडेल कधीचंच बंद झालेलं. नवा ब्लॉक मिळणार नव्हता. रशीदभाईंना घेऊन अकोल्याचा भंगार बाजार पालथा घातला. एक ब्लॉक सापडला, तोही तडकलेला. रशीदभाई त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. “चला भाऊ,” म्हणाले.

संस्थेला पुढं कुणीतरी व्हॅन दिली. चांगली, नवी. ती नाल्यापर्यंत जाते. सिस्टर नाल्यावर उतरून उरलेली वाट पायी चढायच्या. पाणी वाढलं की तेही बंद.

त्या पावसाळ्यात वरच्या वस्तीतल्या एका बाईला खाटेवर टाकून खाली आणलं. नाल्याचं पाणी ओसरायची वाट पाहत सगळे काठावर बसून होते. बाई वाचली. बाळ गेलं. सिस्टरनी मला फोनवर सांगितलं. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. जीपचं काही होतं का, असंही या वेळी विचारलं नाही.

रशीदभाईंनी व्हॅन चालवायला नकार दिला. आता ते घरीच असतात.

कुणी मला सल्ला विचारला तर एवढंच सांगतो. ऑइल कमी झालं तर टाकता येतं. न टाकता वाढलं, तर गाडी आहे तिथंच बंद करा आणि दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणा. त्यानं गाडी वाचेलच असं नाही.