बर्फातला दगड आमच्या लॅबमध्ये

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या डिपार्टमेंटात, दगड कमी अन् किस्से जास्त जमा झाले हायेत. दगडाले निदान लेबल तरी राह्यते! आता चहा सांगतलाच हाय, तं उल्केचे ऐकून घ्या.

आमच्या राठोड मॅडम घाटंजीकडच्या तांड्यातल्या. दगडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहून त्याचा प्रकार सांगण्यात पटाईत. त्याइच्याकडं दक्षिण ध्रुवाच्या बर्फात सापडलेली उल्का आली, वर्णन करून वर्ग ठरवायले. कवठाएवढी, वरून जळकट काळी. अट एकच, उघडा हात लावायचा नाई अन् ओल लागू द्यायची नाई. काम जमलं तं पुढचे दगडही मॅडमकडंच येणार. बिघडलं तं आम्हाले कोणी गिट्टीही देणार नाई! मॅडमले जेवण गोड लागेना.

*

ऑफिसातले बडेबाबू मुद्दाम पाहाले आले. "एवढ्या दूरून एवढासाच आणला? सांगतलं असतं तं बाभुळगावच्या रस्त्यावरून ट्रॉलीभर देल्ला असता!"

*

मॅडमनं समजावलं, अशा दगडी उल्काइचे गट लोखंडावरून पडतेत. भरपूर, कमी, अगदीच कमी.

आमचे हेड काळे सर म्हणे, "म्हणजे आमच्या मिसेसचा ब्लड रिपोर्टच की!"

"व्हय सर. फक्त याले बीट-गूळ खाऊ घालू नका!"

*

तुटल्या कडेले बारीक गोल दाणे दिसत होते. भिंगातून पाहता पाहता मॅडम पार हळव्या झाल्या. "सर, पृथ्वी नव्हती तवाचे दाणे हायेत हे!"

"तवापासून थांबलेच हायेत नं? मंग चहा पिऊन या!"

*

अन् खांडेनवमी! त्या दिवशी आमच्याकडं मायक्रोस्कोप, दगड कापायची मशीन, सगळ्याइची पूजा राह्यते. मॅडम सकाळी तांड्यावर गेलत्या. दुपारी येऊन पाह्यतेत तं पाटावर मायक्रोस्कोपशेजारी उल्का! हळद, कुंकू, वरून झेंडूचं फूल! उल्का ज्या कपाटात कुलपात होती, त्याची दुसरी चाबी हेडकडं राह्यते, हे कोणाच्या ध्यानातच नाई आलं.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यात पाणी. "सर, काहून? हात लावू नका म्हणून सांगतलं होतं नं मी?"

"हात नाईच लावला मॅडम! ग्लोव्ह्ज घालून कुंकू लावलं!" सर कळवळून म्हणे. "सणावाराले पाहुण्याले कपाटात कोंडून कसं ठेवायचं, सांगा बरं?"

मले हसू येऊन राह्यलं होतं, पण मॅडमकडं पाहून दाबलं.

मॅडमनं डोळे पुसले, वाकून दगड नीट पाह्यला. "जाऊ द्या. कुंकू वरवरच हाय. या बाजूचा काप नाई घेत मी. आतून कोरडा असला म्हणजे झालं."

सगळ्याइचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मॅडमची नजर खोबऱ्याच्या ताटाकडं गेली.

"सर, नारळ कायच्यावर फोडला?"

सरनं नुसता प्रसाद पुढं केला.