ओल्या पुठ्ठ्याचा वास

मला वाइनचा वाससुद्धा सहन होत नाही, हे आधीच सांगते. आंबलेलं फडकं पिळून प्यावं तशी ती लागते. शी! पण दादाला ती आवडते, आणि मी दादाच्या घरात राहते, त्यामुळे गेली सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी माझ्या नाकासमोर ती बाटली उघडली जाते.

दादा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात गोदामाचा मुकादम होता. तीस वर्षं एकाच गोदामात. कागदाची मोठमोठी रिळं ट्रकमधून उतरली की दादा प्रत्येकाला नाक लावायचा. रीळ वरून हाताला कोरडं लागतं, पण आतून बुरसलेलं असू शकतं, आणि तसल्या कागदाचं खोकं आठ दिवसांत बसतं. ओल मोजायचं यंत्र होतं त्यांच्याकडे, पण ते वरवरचंच सांगायचं. दादाने नाक लावलं, मान हलवली, की रीळ परत. कारखान्यात त्याला सगळे 'नाकवाले' म्हणायचे. कागद पुरवणारे त्याला मनातल्या मनात काय म्हणायचे ते मी इथे सांगत बसत नाही.

वाइन घरात शिरली ती कारखान्यातूनच. बाटल्यांची खोकी बनवायची होती. आत भरलेल्या बाटल्या ठेवून खोकं उंचावरून टाकून बघायचं, असं ते काम. बाराच्या बारा बाटल्या शाबूत राहिल्या म्हणून गिऱ्हाइकाने खूश होऊन एक दादाच्या हातात ठेवली. वहिनीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दादाने शनिवारी ती चहाच्या कपात ओतली, हुंगली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "अगं, हिच्यात काहीतरी आहे."

"असणारच," मी म्हटलं. "माशी पडली असेल."

तिथून त्याला नादच लागला. तसा नाद म्हणजे आठवड्याला एक कप, फार तर दीड. पण माणूस शिकायला बसला की घरच्यांचा जीव जातो. एकदा अर्धी बाटली खिडकीत आठवडाभर ठेवली. आंबून तिचा शिर्का झाला, तरी पठ्ठ्याने तोंड वेडंवाकडं करत संपवली. एकदा कप गोलगोल फिरवायला गेला आणि अख्खा शर्ट लाल. तो डाग घासताना मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे माझ्याही. कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानदाराला तो बिनदिक्कत विचारायचा, "ही तुरट का लागते? ती गोड का नाही?" तो दुकानदार भला माणूस. म्हणायचा, महाग म्हणजे चांगली असं नाही, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, आणि आवडली तर आवडली म्हणा, कुणाच्या बापाला घाबरू नका.

त्यानेच दादाला बुचाची गंमत सांगितली. कधीकधी बुचातच दोष असतो, मग सगळ्या बाटलीला वास लागतो. कसला? तर ओल्या पुठ्ठ्याचा! दादा हसून हसून बेजार. "अगं, आमचाच माल की!" दोन महिन्यांनी तशी एक बाटली खरंच निघाली. दादाने उघडली, हुंगली आणि सरळ बूच लावून परत घेऊन गेला. दुकानदाराने हुंगून बघितलं आणि निमूट बदलून दिली. त्या दिवशी दादा शाळेत पहिला आल्यासारखा घरी आला. मला कौतुक करता आलं असतं. मी म्हटलं, "हात धू आधी."

मग जुन्या मालकांनी कारभार मुलाकडे दिला. हे धाकटे मालक आले ते माणसं कमी करायची यादी घेऊनच. दादाचं वय अठ्ठावन्न. दादाची मुलगी नर्सिंगला, तिची दोन वर्षं बाकी. दादाला आणखी दोन वर्षं ठेवतात की घरचा रस्ता दाखवतात, याच्यावर आमचं सगळं अडलं होतं. आणि नेमकं तेव्हाच धाकट्या मालकांनी त्याला जेवायला बोलावलं. "तुम्ही वाइन पिता म्हणे, कपातून! या एकदा, खरी वाइन पाजतो. घरच्यांनाही आणा." घरचं म्हणजे मी.

घर कसलं, कपड्याच्या दुकानाची काच! बसायला भीती वाटावी इतकं पांढरं. मालकांचा पेला आधीच भरलेला होता. आमचे दोन पेले स्वयंपाकीणबाईंनी रुमालात गुंडाळलेल्या बाटलीतून भरले. मालक म्हणाले, "ही कळायला जीभ तयार व्हावी लागते. घ्या, नाकवाले."

दादाने पेला नाकाशी नेला आणि त्याच्या नाकपुड्या थांबल्या. ते तोंड मी ओळखते. मीही पेला जवळ घेतला. दादाचे कामावरचे शर्ट वर्षानुवर्षं मी धुतलेत, तो वास मला झोपेतही कळेल. ओला पुठ्ठा. शंकाच नको.

दादाने पेला खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला आणि जोर लावून दाबला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "छान आहे, साहेब."

आणि प्यायला. घोट घोट करून सगळा पेला. मालकांनी खूण केली, बाईंनी दुसरा भरला, तोही प्यायला. ताटं उचलायचं निमित्त करून मी आत गेले. ओट्यावर, रुमाल काढून ठेवलेल्या आमच्या बाटलीशेजारी, दुसरी बाटली उघडी होती, तसलाच कागद चिकटवलेली. मी विचारलं, "ही कुणाची?"

"साहेबांची," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काहीच नव्हतं बिचारीच्या. "पहिलीला वास मारतोय म्हणाले. एवढी महागाची ओतून कशी द्यायची, म्हणून पाहुण्यांना वाढायला सांगितली. त्यांना काय कळतंय, म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली आणि तिथेच राहिली. मी ताटं ठेवली, हात पुसले, बाहेर येऊन दादाशेजारी बसले.

निघताना मालकांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलं होतं फार हट्टी आहात, माल परत पाठवता. पण तसे नाही तुम्ही. समजूतदार आहात. दोन वर्षांचं पक्कं समजा."

फाटकाबाहेर आल्यावर दादा हळूच म्हणाला, "मला वास आला गं. पण ते एवढे जाणकार, चवीने पीत होते. माझंच नाक गेलं असणार. आता गोदामात काय करू?"

तो इतका घाबरलेला होता, की मला गप्प राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. मालकांची बाटली वेगळी होती, हेही.

"म्हणजे वास होता?"

"होता. मलाही आला."

क्षणभर त्याचा चेहरा उजळला. मग उतरला. "म्हणजे उद्या ओलं रीळ आलं की मी छान म्हणायचं," तो म्हणाला, आणि वळला. मी बाही धरली, "दादा, दोन वर्षं! पोरीचं बघ." त्याने बाही सोडवून घेतली.

घंटा वाजली. मालकांनी दार उघडलं. दादाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "साहेब, मघाशी मी खोटं बोललो. वाइन खराब होती. तुम्हालाही माहीत होतं."

"मग प्यायलात कशाला? कुणी जबरदस्ती केली होती?"

"कुणी नाही. माझीच हिंमत झाली नाही."

सोमवारी त्याला घरी बसवलं. आता कोपऱ्यावरच्या दुकानात तो खोकी उतरवतो, निम्म्या पगारावर. पोरीने सुट्टीतलं काम धरलंय. त्या मालकाची मला शिसारी येते, पण ती सोपी आहे. चार शिव्या दिल्या की भागतं. दादा मात्र त्या पायाबद्दल एक अक्षर बोललेला नाही. उलट परवा कुणी विचारलं, तर म्हणाला, "माझी बहीण होती ना बरोबर, तिनेच मला खरं सांगितलं."

मी तिथेच उभी होते. आणि मी त्याला तसं म्हणू दिलं.